मक्षिकास्थाने मक्षिका : माशीविषयीच्या ज्ञानाचा इतिहास

१

जुन्या हस्तलिखितांशी ज्यांचा संबंध येतो त्यांच्या परिचयाची एक कथा आहे. एका लेखनिकाकडे पोथीची नक्कल करण्याचे काम आले. मूळ पोथीच्या एका पानावर माशी चिरडून चिकटलेली होती. लेखनिक इमानी होता. नकलेत त्या जागेपर्यंत येताच त्याने एक माशी मारली आणि नेमकी त्याच ओळीवर चिकटवून दिली. डोळे मिटून केलेल्या नकलेला मराठीत ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ असे म्हणतात, ते या कथेवरून.

कथा विनोदी असली, तरी पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला तिच्यात आपल्या शास्त्राचा मूळ प्रश्नच दिसतो. मी पाहिले तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष मला देऊ नये, अशा अर्थाची पुष्टी अनेक लेखनिक पोथीच्या अखेरीस जोडीत. त्यांच्यापुरते ते खरेच असे. परंतु प्रत्येकाने आपल्यापुढील प्रत प्रमाण मानली म्हणजे मूळ पाठ काय होता हा प्रश्न कोणी विचारावयाचा?

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पोथीतील माशी नसून प्रत्यक्षातील माशी हा आहे. लेखक कीटकशास्त्रज्ञ नव्हे. भाषाशास्त्राच्या अध्यापकाने या क्षेत्रात पाऊल ठेवण्याचे कारण इतकेच की, माशीविषयी मनुष्याने जे ज्ञान मिळविले त्याचा इतिहास पाहू लागले असता तो एखाद्या ग्रंथाच्या पाठपरंपरेसारखा दिसू लागतो. माशी कशी जन्मते आणि ती मनुष्याचे काय बिघडवते, या दोन प्रश्नांची उत्तरे दीर्घकाळ नकलेवरून नक्कल याच रीतीने चालत आली. आणि दोन्ही वेळा कोणीतरी नक्कल बाजूस ठेवून मूळ प्रत, म्हणजे खुद्द माशी, तपासली तेव्हाच ती उत्तरे बदलली. माशीइतका सुलभ प्राणी दुसरा नाही. ती ताटावर बसते, नाकावर बसते, आजाऱ्याच्या डोळ्यांवर बसते. इतक्या जवळच्या वस्तूविषयीही ऐकीव ज्ञान शतकानुशतके टिकते, ही गोष्ट संशोधनाच्या विद्यार्थ्याने विचारात घेण्याजोगी आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. येथे स्वतःचीच एक चूक नमूद करणे भाग आहे. भाषेच्या इतिहासाच्या तासाला मी कित्येक वर्षे ‘मक्षिका–मक्खिआ–माशी’ अशी परंपरा फळ्यावर लिहीत असे. विद्यार्थिदशेतील वहीत ती तशी होती. एके वर्षी घरी गुजराती बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मक्खिआपासून आमच्याकडे माखी झाली. मग मराठीत खचा श कसा झाला?” उत्तर माझ्यापाशी तत्काळ नव्हते. वस्तुतः ते प्राकृतातच होते. संस्कृत ‘क्ष’चे प्राकृतात दोन विकार होतात : एक ‘क्ख’, दुसरा ‘च्छ’. मराठीने दोन्ही घेतले आहेत. भिक्षेपासून भीक, लक्षापासून लाख, वृक्षापासून रूख हे शब्द पहिल्या वाटेने आले. तर इक्षूपासून ऊस, कुक्षीपासून कूस, क्षेत्रापासून शेत हे दुसऱ्या वाटेने. माशी ही या दुसऱ्या वाटेची आहे : मक्षिका–मच्छिआ–माशी. हिंदी मक्खी व गुजराती माखी पहिल्या वाटेच्या, बंगाली माछि आपल्या वाटेची. क्षच्या या दुहेरी परिणतीकडे ज्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात पूर्वीच लक्ष वेधले होते. ग्रंथ माझ्या कपाटात होता, पण मी वहीवर विसंबलो होतो.

इराणी शाखेत हाच शब्द अवेस्तेत ‘मख्शि’ या रूपात आढळतो. वेन्दिदादमध्ये प्रेताचा विटाळ आणणारी नसु नामक राक्षसी माशीचे रूप घेऊन येते असे वर्णन आहे. माशी आणि मृत्यू यांचा संबंध किती प्राचीन काळी जोडला गेला, याचे हे स्पष्ट गमक होय. तो जोडण्यास सूक्ष्मजंतूंच्या ज्ञानाची आवश्यकता नव्हती. प्रेताजवळ पहिली कोण येते, एवढे पाहिले तरी पुरे होते.

मराठीतील ‘माशी’ या शब्दाची व्याप्ती प्राणिशास्त्राच्या दृष्टीने फार सैल आहे. घरमाशी, गोमाशी, ज्वारीवरील खोडमाशी यांच्याबरोबर मधमाशी आणि गांधीलमाशीही तिच्यात बसतात. संस्कृतातही तेच, मधाला ‘माक्षिक’ हे नाव मक्षिकेवरूनच मिळाले. प्राणिशास्त्र मात्र पंख मोजते. मधमाशीला व गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, घरमाशीला एकच. म्हणून घरमाशी, गोमाशी, डास, चिलटे हे सर्व द्विपंखी गणात येतात आणि मधमाशी त्या गणाबाहेर राहते. डास हा माशीचा आप्त आहे आणि मधमाशी नाही, हे भाषा सांगत नाही.

नावांची ही सैलता नेहमीच निरुपद्रवी नसते. ‘फळमाशी’ हे नाव आपण दोन अगदी वेगळ्या कीटकांना देतो. पहिली फळमाशी सडू लागलेल्या केळ्यावर घोटाळणारी, किण्वावर जगणारी, बागायतदाराच्या दृष्टीने बहुधा दुर्लक्षणीय. दुसरी आंब्याच्या धडधाकट फळात अंडी घालणारी. युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली ती या दुसरीमुळे. कोकणच्या हापूसला तिचा फटका बसला आणि बंदी २०१५ च्या प्रारंभी उठली. पहिलीविषयी पुढे लिहावयाचे आहे, कारण आनुवंशिकीचे शास्त्र तिच्यावर उभे राहिले. वर्तमानपत्रातील फळमाशी आणि प्रयोगशाळेतील फळमाशी एकच समजून लिहिलेले निबंध लेखकाच्या वाचनात आले आहेत.

३

आता प्रत्यक्ष प्राण्याकडे वळू. पुढील इतिहास समजण्यास आवश्यक तेवढेच वर्णन येथे देत आहे. घरमाशीला शास्त्रीय नाव लिनीयसने १७५८ साली दिले : मस्का डोमेस्टिका. द्विपंखी गणात दीड लाखाहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. त्यांतील ही एक. तिच्या मागच्या पंखांच्या जागी गदेच्या आकाराचे दोन बारीक अवयव असतात. त्यांना संतुलक म्हणतात. उडताना ते वेगाने कंप पावतात आणि शरीर कोणत्या दिशेला वळते आहे याची जाणीव माशीला देतात. संतुलक काढून टाकले तर माशीला तोल सांभाळून उडता येत नाही. आपला हात पडण्यापूर्वी ती निसटते याचे श्रेय या अवयवांना आणि तिच्या दृष्टीच्या वेगाला आहे : मनुष्याच्या डोळ्याला जो प्रकाश अखंड दिसतो त्यातील लुकलुक माशीच्या डोळ्याला वेगवेगळी दिसते.

माशी चावत नाही, कारण तिला चावताच येत नाही. तिची सोंड टिपकागदासारखी द्रव शोषून घेणारी आहे. साखरेच्या खड्यावर ती बसते तेव्हा प्रथम लाळ व पोटातील द्रव त्यावर सोडते आणि विरघळलेला पदार्थ शोषून घेते. पायांच्या टोकांशी तिला रुची कळते. म्हणजे अन्नावर चालणे हेच तिचे चाखणे होय. विष्ठा ती वारंवार टाकते. या तीन साध्या सवयी, म्हणजे पायांनी चाखणे, अन्नावर ओकणे व तेथेच विष्ठा टाकणे, मनुष्याच्या दृष्टीने तिचे सारे महत्त्व ठरवतात.

मादी एका वेळी शंभर ते दीडशे अंडी घालते आणि आयुष्यात अशा अनेक खेपा करते. अंड्यांसाठी तिला ओलसर, कुजणारा, किंचित ऊब असलेला पदार्थ लागतो : घोड्याची लीद, कोंबड्यांची विष्ठा, खरकटे, उकिरडा. उष्ण हवेत अंडी एका दिवसाच्या आत उबतात. पांढरी, पाय नसलेली अळी काही दिवस त्या चिखलात खाते, दोनदा कात टाकते आणि पूर्ण वाढ झाली की ओल सोडून कोरड्या, अंधाऱ्या जागी सरपटत जाते. तेथे तिची त्वचा टणक होऊन तपकिरी कोश बनतो. काही दिवसांनी आतील माशी डोक्यावरची एक पिशवी फुगवून कोशाचे टोक फोडते आणि बाहेर येते. अनुकूल हवेत अंड्यापासून माशीपर्यंतचा हा प्रवास सात ते दहा दिवसांत पुरा होतो.

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अळी जेथे खाते तेथेच बहुधा कोशात जात नाही. ज्याने मांसात अळ्या पाहिल्या त्याला त्यांच्या माश्या झालेल्या दिसत नाहीत. ज्याने मातीतून माशी निघताना पाहिली त्याला तिची अळी दिसलेली नसते. निरीक्षणाची साखळी नेमकी मधोमध तुटते, आणि मनुष्य त्या तुटलेल्या जागी कल्पना घालतो.

४

ती कल्पना भारतात आणि ग्रीसमध्ये जवळजवळ सारखीच होती. आपल्याकडे प्राण्यांची जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज अशी चतुर्विध विभागणी रूढ झाली. मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात दंश, मशक, उवा, माश्या आणि ढेकूण यांची गणना स्वेदजांत केली आहे. म्हणजे ते अंड्यापासून नव्हे, तर घाम व उष्मा यांपासून उत्पन्न होतात. अरिस्टॉटलची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. माश्यांचे मीलन होते आणि त्यातून अळ्या होतात, हे त्याने पाहिले होते. शेणखताच्या ढिगातील अळ्यांपासून माश्या होतात, हेही त्याने लिहिले. पण या दोन नोंदी त्याने जोडल्या नाहीत. मीलनातून झालेल्या अळ्यांपासून पुढे काही निपजत नाही आणि ढिगातील अळ्या आपोआप होतात, असे त्याचे मत राहिले. वर सांगितलेली तुटलेली कडी ती हीच.

विशेष म्हणजे याच्या उलट पुरावा दोन्ही परंपरांत उपलब्ध होता. इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात पात्रोक्लसच्या जखमांत माश्या शिरून अळ्या करतील ही चिंता अकिलीस आपल्या मातेपाशी व्यक्त करतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात तर माश्या व्रणावर येऊन कृमी टाकतात, ते कृमी मांस खातात आणि दारुण सूज येते, असे स्पष्ट वर्णन आहे. काही मांसमाश्या अंडी न घालता सरळ जिवंत अळ्याच टाकतात, हे लक्षात घेता सुश्रुताचा शब्दप्रयोग त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा ठरतो. कल्पस्थानात त्याने मक्षिकांचे सहा प्रकारही दिले आहेत. शस्त्रवैद्याला रोज व्रण पाहावा लागे. कृमी कोठून आले हे जाणणे त्याची गरज होती. धर्मशास्त्रकाराला आणि दर्शनकाराला ती गरज नव्हती.

येथे भारतीय परंपरेचा अभिमान बाळगण्यास जागा आहे आणि आत्मपरीक्षणासही. सुश्रुताचे निरीक्षण आणि स्वेदजांची यादी ही दोन्ही वचने शतकानुशतके एकाच विद्यावर्गाच्या पठणात राहिली. दोन हस्तलिखितांत पाठभेद आढळला म्हणजे संपादक थांबतो. येथे पाठभेद समोर असूनही यादी यादीच्या जागी पाठ होत राहिली आणि निरीक्षण व्रणचिकित्सेपुरते राहिले.

मूळ प्रत प्रथम पद्धतशीरपणे तपासली गेली ती फ्लॉरेन्स येथे. तस्कनीच्या राजदरबारातील वैद्य फ्रान्चेस्को रेदी याने आपले प्रयोग १६६८ साली प्रसिद्ध केले. त्याने चार रुंद तोंडाच्या भांड्यांत साप, मासे, आर्नो नदीतील वाम आणि वासराचे मांस ठेवून ती घट्ट बंद केली. तसेच पदार्थ दुसऱ्या चार भांड्यांत ठेवून ती उघडी ठेवली. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. बंद भांड्यांत पदार्थ सडले, पण अळी झाली नाही. हवा न मिळाल्यामुळे अळ्या झाल्या नसतील, असा आक्षेप येणे शक्य होते. म्हणून त्याने पुन्हा प्रयोग केला आणि या वेळी भांड्यांवर तलम जाळीदार कापड बांधले. हवा आत गेली, माश्या बाहेर राहिल्या. मांसात अळ्या झाल्या नाहीत. याखेरीज त्याने अळ्या वेगळ्या ठेवून त्यांचे कोश होताना व कोशांतून माश्या निघताना पाहिल्या. तुटलेली कडी जोडली गेली.

रेदीच्या प्रयोगाचे महत्त्व त्याच्या निष्कर्षापेक्षा रचनेत आहे. दोन भांडी सर्व बाबतींत सारखी आणि एकाच बाबतीत भिन्न ठेवणे, ही गोष्ट आज शाळेतही शिकवली जाते; त्या काळी ती अपूर्व होती. तथापि रेदीलाही आपली पद्धत सर्वत्र लावता आली नाही. वनस्पतींवरील गाठींत सापडणारे कीटक वनस्पतीच उत्पन्न करते, असे तो मानीत राहिला. ती चूक त्याच्याच देशातील माल्पिघीने पुढे दुरुस्त केली. एका ठिकाणी मूळ प्रत पाहणारा मनुष्य दुसऱ्या ठिकाणी नकलेवर विसंबू शकतो.

५

दुसरा प्रश्न माशीच्या अपराधाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोप-अमेरिकेतील सुशिक्षित मनुष्य माशीला त्रासदायक पण निरुपद्रवी समजत असे. सूक्ष्मजंतूंचा शोध लागल्यावर हे मत पालटले, आणि ते पालटण्यास एक युद्ध कारण झाले. १८९८ च्या स्पेन-अमेरिका युद्धात अमेरिकेच्या स्वयंसेवक छावण्यांत विषमज्वराची भयंकर साथ आली. वॉल्टर रीड, व्हिक्टर व्हॉन आणि एडवर्ड शेक्सपिअर या तीन डॉक्टरांच्या मंडळाने चौकशी केली. त्यांनी तपासलेल्या सुमारे १,०८,००० सैनिकांपैकी २०,७३८ जणांना विषमज्वर झाला होता आणि १,५८० मरण पावले होते. म्हणजे बहुतेकांनी रणांगण पाहिलेदेखील नव्हते. शौचखड्ड्यांवर चुना टाकलेला असे. भोजनाच्या तंबूत अन्नावर फिरणाऱ्या माश्यांच्या पायांना तो पांढरा चुना लागलेला दिसत होता. यापेक्षा बोलका पुरावा कोणता हवा?

तथापि या मंडळाने सारा दोष माशीवर टाकला नव्हता. सैनिकाकडून सैनिकाला होणारा संसर्ग व एकंदर अस्वच्छता यांना त्याने मोठे स्थान दिले होते. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते पांढरे पायच. अमेरिकी शासनाचे कीटकतज्ज्ञ लेलँड हॉवर्ड यांनी घरमाशीला ‘टायफॉइड माशी’ म्हणावे असे सुचवले आणि १९११ साली रोगवाहक घरमाशीवर ग्रंथ लिहिला. कॅन्सास राज्यात सॅम्युएल क्रम्बाइन या आरोग्याधिकाऱ्याने माशी मारण्याची मोहीम काढली. जाळीचा तुकडा काठीला लावून केलेले माशीमार त्याच मोहिमेत प्रसिद्धीस आले. निरुपद्रवी माशी एका पिढीत महापातकी ठरली. आता ही नवी प्रत उतरून घेतली जाऊ लागली.

त्यानंतर शहरांतील विषमज्वर कमी झाला, परंतु तो प्रामुख्याने पाण्याच्या शुद्धीकरणामुळे व बंद गटारांमुळे. माश्याही कमी झाल्या. त्याचे एक मोठे कारण काठीची जाळी नसून मोटार हे होते. रस्त्यांवरून घोडे गेले, लीद गेली आणि माशीचे पाळणाघर गेले. ‘टायफॉइड माशी’ हे नाव हळूहळू विस्मृतीत गेले.

मग माशी निर्दोष होती काय? नव्हती. पण हे ठरवण्यास रेदीच्या भांड्यांसारखी गावे घ्यावी लागली. टेक्सासच्या हिडाल्गो परगण्यात वॉट आणि लिंडसे यांनी काही गावांत डीडीटी फवारून माश्या कमी केल्या व काही गावे तशीच ठेवली. पुढे गावांची अदलाबदल केली. १९४८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : माश्या कमी झाल्या तेथे शिगेला या जंतूमुळे होणारे आमांशाचे संसर्ग घटले, अदलाबदल केल्यावर चित्रही उलटले, साल्मोनेला गटाच्या जंतूंवर मात्र परिणाम दिसला नाही. विषमज्वराचा जंतू या दुसऱ्या गटातला. या भेदाचे एक समर्पक स्पष्टीकरण मात्रेत सापडते. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी रोग होऊ शकतो. एवढे ओझे माशी सहज वाहते. साल्मोनेलाला साधारणतः पुष्कळ अधिक जंतू लागतात.

पुढील प्रयोगांनी ही दिशा पक्की केली. इस्रायलच्या सैनिकी छावण्यांत सापळे लावून माश्या कमी केल्या तेव्हा अतिसारासाठी दवाखान्यात येणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी आणि शिगेलाच्या आमांशाचे ८५ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाला. पाकिस्तानातील सहा खेड्यांत झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फवारणीमुळे मुलांमधील अतिसार सरासरी २३ टक्क्यांनी कमी आढळला. डोळ्यांच्या खुपऱ्यांविषयी मात्र एकमत झाले नाही. गाम्बियात माश्या कमी केल्याने नवे रोगी बरेच घटले. टांझानियात औषधोपचार झालेल्या वस्तीत फवारणीने अधिक लाभ झाला नाही, असे २००६ साली दिसून आले. वाचकाला अशी उत्तरे अपुरी वाटतील. परंतु ‘माशी रोग पसरवते’ या सरसकट वाक्यापेक्षा, कोणता रोग, कोठे, किती प्रमाणात, हे सांगणारी ही अपुरी उत्तरे अधिक मोलाची आहेत.

येथे आणखी एक भेद स्पष्ट करणे इष्ट होय. काळ्या आजाराचा परजीवी वालुमाशीच्या शरीरात वाढतो आणि तिच्या दंशाने मनुष्यात शिरतो; स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी हे १९४२ साली निर्णायकपणे दाखवले. घरमाशी तशी नव्हे. तिच्या बाबतीत जंतू केवळ प्रवासी असतो, आणि त्याच जंतूला हात, पाणी, भांडी हे इतर मार्गही मोकळे असतात. म्हणून एकट्या माशीविरुद्धचे युद्ध नेहमी अर्धेच जिंकले जाते. डीडीटीने तर त्याचा पाठच दिला. त्याचे कीटकनाशक गुण १९३९ साली पाउल म्यूलर यांना सापडले, १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यापूर्वीच, १९४६-४७ च्या सुमारास, स्वीडन व इटलीत डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या आढळल्या होत्या. पिढी दहा दिवसांची असलेल्या प्राण्याशी विषाने लढताना काळ त्याच्या बाजूचा असतो. अंडी घालण्याची जागा मात्र त्याला बदलून मिळत नाही. गाडगे महाराज गावात आल्यावर प्रथम खराट्याने गाव झाडीत आणि मग कीर्तनास उभे राहत. त्यांनी कीटकशास्त्र सांगितले नाही, पण नेमकी माशीची जन्मभूमी साफ केली.

६

वर उल्लेखिलेल्या पहिल्या फळमाशीचा विचार आता करू. तिने मनुष्याला जे दिले त्याने माशीच्या इतिहासाला निराळेच वळण मिळाले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन दुधाच्या बाटल्यांत केळी घालून या माश्या वाढवीत. मेंडेलचे नियम आणि गुणसूत्रे यांचा संबंध त्या वेळी मांडला गेला होता, परंतु मॉर्गन स्वतः त्याविषयी साशंक होते. १९१० साली तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत त्यांना एक पांढऱ्या डोळ्यांचा नर आढळला. त्याचा संकर तांबड्या डोळ्यांच्या माद्यांशी केला तेव्हा पुढील पिढी जवळजवळ सर्व तांबड्या डोळ्यांची झाली; तिच्या पुढील पिढीत पांढरे डोळे परतले, पण ते केवळ नरांत. डोळ्यांचा रंग ठरवणारा घटक लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावरच आहे, असे मानल्यावाचून याची संगती लागत नव्हती. मॉर्गन यांनी आपले मत बदलले. त्यांचा विद्यार्थी आल्फ्रेड स्टर्टेव्हंट याने १९१३ साली एका गुणसूत्रावरील जनुकांचा क्रम दाखवणारा पहिला नकाशा प्रसिद्ध केला. मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या प्रयोगात ओळखीची खूण पटते. पांढरा डोळा म्हणजे आनुवंशिक लेखाच्या नकलेत झालेली एक चूक. सर्व नकला निर्दोष असत्या तर मूळ लेख कसा लिहिला आहे हे कळण्यास मार्गच राहिला नसता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात कै. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी महाभारताच्या आदिपर्वाचे संपादन १९३३ साली पूर्ण केले, तेही प्रतींतील भेदांच्या आधारे प्रतींचे कुळ लावून. समान चुका समान पूर्वज सांगतात, हे तत्त्व दोन्हीकडे उपयोगी पडते. साम्य येथेच थांबते, हेही सांगितले पाहिजे. लेखनिकाची चूक संपादक सुधारतो, माशीच्या चुकीला मात्र सुधारणारा नसतो, ती टिकते किंवा नष्ट होते.

७

या विवेचनातून विद्यार्थ्यांसाठी एकच मुद्दा काढावयाचा आहे आणि तो भाषेचा आहे. आजही आरोग्यविषयक पुस्तिकांत घरमाशी शंभराहून अधिक रोगजंतू पसरवते, अशा अर्थाचे वाक्य वाचावयास मिळते. ते कोठून आले हे पाहू गेल्यास असे दिसते की, मूळ नोंदी बहुतांशी माशीच्या अंगावर किंवा पोटात तितके जंतू ‘आढळले’ अशा आहेत. त्यांतील काही जंतू माशी एका जागेवरून दुसऱ्या जागी ‘वाहते’, हे प्रयोगाने दाखवले गेले आहे. त्यामुळे माणसांत रोग ‘पसरतो’, आणि माश्या कमी केल्याने तो घटतो, हे थोड्याच रोगांच्या बाबतीत सिद्ध झाले आहे. आढळणे, वाहणे, पसरवणे ही तीन क्रियापदे आहेत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पुरावा लागतो. नक्कल करणाऱ्याच्या हातून ‘आढळले’चे ‘पसरवते’ होण्यास एका दुपारचाही अवकाश लागत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. ज्या वस्तीत मुले अतिसाराने दगावतात तेथे मर्यादित पैसा फवारणीवर खर्च करावा, की पाण्यावर, की शौचालयांवर, हे अखेर या क्रियापदांवर ठरते. सुश्रुताचे वाक्य आणि स्वेदजांची यादी एकत्र ठेवून पाहण्याचे कोणाला सुचले नाही, याची हळहळ आपल्याला वाटते. आपल्या टाचणांत आज अशीच दोन वाक्ये शेजारी पडलेली नाहीत कशावरून? माझ्या वहीतील ‘मक्खिआ’ मी खोडली आहे. पण विद्यार्थ्यांना दिसावी म्हणून ती खोडलेली ओळ तशीच ठेवली आहे आणि समासात त्या प्रश्नाची तारीख लिहिली आहे.